होडीची गादी वाळत का नाही?

गेल्या मे महिन्यात मालवणच्या धक्क्यावर एका पर्यटक होडीची बसायची गादी उघडली. बाहेरून रेग्झिन कोरडं ठणठणीत, एकही शिवण उसवलेली नाही. खालची प्लायवूडची पाटी स्क्रू ड्रायव्हर घालून उचलायला गेलो तर ती थरांथरांनी सुटून हातात आली. पिना गंजून नुसते तांबडे ठिपके उरले होते. आतला फोम बालदीवर धरून पिळला आणि तांब्याभर पाणी खाली पडलं. होडी आठ दिवस जागेवरून हललेली नव्हती, पाऊसही नव्हता. होडीचे तांडेल, म्हणजे ती चालवणारे म्होरके, बाजूला बसून बघत होते. म्हणाले, "झिला, ह्यात पाणी इला खंयसून?"

पाणी शिवणीतून आलं, हे सांगायला वेळ लागत नाही. आठ दिवस उन्हात पडूनही ते गेलं का नाही, हे समजवायला मात्र त्यांच्यासोबत दोन चहा झाले. होडीच्या गाद्या आणि छतं बनवणं हे रिक्षाच्या सीटा शिवण्यासारखंच काम दिसत असून इतकं अवघड का, त्याचं बरंचसं उत्तर त्यात आलं.

आमचं दुकान मुळात रिक्षाचंच. सीटा आणि हुडं. होडीवाले आमच्याकडे आले ते "तुम्ही हूड शिवता, मग आमचं छत शिवायला काय" असं म्हणत, आणि मलाही तेव्हा तसंच वाटलं. पहिल्या तीन होड्यांची कामं दोन हंगामांत परत आली. रिक्षा पावसात भिजते आणि उन्हात वाळते. होडी भिजते ती खाऱ्या पाण्याने, आणि खारं पाणी वाळलं तरी वाळत नाही.

हे कोड्यासारखं वाटेल, पण कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात याचा पुरावा आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, म्हणून आजी त्यात तांदळाचे दाणे टाकून ठेवायची. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळायला लागतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि ते सगळे खाण्याचं मीठ नसतात. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर याहून हावरं, त्याला तेहतीस-चौतीस टक्के आर्द्रताही पुरते. आपल्या किनाऱ्यावर इतकी कोरडी हवा क्वचितच मिळते.

म्हणजे गादीत एकदा खारं पाणी शिरलं की त्यातलं पाणी उन्हात थोडंफार उडतं, क्षार फोममध्येच राहतात. रात्री दमट हवा लागली की तेच क्षार पुन्हा पाणी ओढतात. पुढच्या लाटेला आणखी क्षार येतात. चार महिन्यांत गादी म्हणजे मिठाची बरणीच होते. तिला नुसतं उन्हात ठेवून उपयोग नाही. आधी विहिरीच्या गोड्या पाण्याने मनसोक्त धुवायची, मग वाळवायची. तांडेलांना हे पटायला जड गेलं. ओली गादी वाळवायला तिच्यावर आणखी पाणी ओतायचं, हे कुणालाही उलटंच वाटणार.

आता शिवणीकडे येऊ. जाड रेग्झिनवर आम्ही साधारण ४ मिलिमीटरचा टाका घेतो. म्हणजे एक मीटर शिवणीत २५० भोकं. एका गादीला वरून-खालून पायपिंग, म्हणजे कडेला शिवलेली गोल पट्टी, धरून दहा मीटर शिवण सहज होते, म्हणजे अडीच हजार भोकं. टाका बारीक घेतला तर शिवण जास्त पक्की होईल असं कापडावर शिवणाऱ्याला वाटतं, पण रेग्झिनवर बारीक टाका म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची कड. ओढ बसली की भोकाभोकातून फाटत जातं. आणि रेग्झिनला माफी नाही. चुकीची शिवण उसवली तरी भोकं राहतात. सुती कापडावरची भोकं धुतल्यावर मिटतात, इथे तुमची चूक गादी टिकेल तितके दिवस दिसत राहते.

या भोकांतून पाणी आपोआप फारसं आत जात नाही. त्याला आत ओढतो तो माणूस. कुणी बसलं की फोम दबतो, आतली हवा भोकांतून बाहेर पडते. उठलं की फोम फुगतो आणि लोहाराच्या भात्यासारखी हवा परत आत खेचतो. त्या वेळी गादीवर पाणी साचलेलं असलं, तर हवेच्या जागी तेच आत जातं. डॉल्फिन दाखवायला नेलेली माणसं तर एका फेरीत दहा वेळा उठतात आणि बसतात.

जुन्या सुती कॅनव्हासच्या काळी यावर एक नैसर्गिक तोड होती. सूत भिजलं की फुगतं, त्यामुळे कापडाचे डोळे आणि शिवणीची भोकं आपोआप बंद व्हायची. शिडाची कापडं सुतीच असायची. मुंबईच्या डोंगरीत विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड शिडांना आणि तंबूंना वापरलं जायचं, आणि त्या डोंगरीवरूनच पुढे जगभर कामगारांच्या कपड्यांना 'डंगरी' हे नाव पडलं. पण सुताला बुरशी खाते, ओलं-कोरडं होताना ते आटतं, आणि आपल्या पावसात ते फार वर्षं काढत नाही. पॉलिएस्टर कुजत नाही, पण ते फुगतही नाही, म्हणून त्याची भोकं उघडीच राहतात. मेण किंवा सीलर लावून ती बुजवता येतात, पण काही काळापुरतीच.

पाणी आत येणारच, हे एकदा मान्य केलं की पुढचं सगळं काम बदलतं. नवीन माणूस गादी बरणीसारखी घट्ट करायला बघतो. खाली प्लायवूड, सगळीकडून पिना, वर प्लास्टिकचा कागद. मीही तेच करायचो. धक्क्यावर उघडलेली ती गादी अशीच होती. पाण्याला यायला अडीच हजार वाटा, जायला एकही नाही.

आता आम्ही खालचा पदर जाळीच्या कापडाचा लावतो, चेन वरच्या अंगाला न ठेवता मागच्या खालच्या कडेला ठेवतो, आणि प्लायवूड असेल तर त्याला फोम बसवण्याआधी भोकं पाडतो. भोक पाडलं की त्याच्या आतल्या कडेलाही इपॉक्सी, म्हणजे पाणी अडवणारा घट्ट होणारा लेप, पाजावं लागतं. प्लायवूड पाणी पितं ते कडेने, पृष्ठभागातून कमी. बाजारात आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं मरीन प्लाय मिळतं. त्याचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकावा लागतो. साधं कमर्शियल प्लाय त्यापुढे काहीच नाही. तरीही शिक्का बघून निर्धास्त होऊ नये. कापलेली कड उघडी ठेवली, तर डिंक टिकूनही आतलं लाकूड फुगतं.

फोमच्या बाबतीत ग्राहकाला एकच शब्द माहीत असतो, डेन्सिटी. "४० डेन्सिटीचा टाक" म्हणतात. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढंच. फोम किती दिवस बसका होणार नाही याचा अंदाज त्यावरून येतो, पाण्याशी तो कसा वागेल हे त्यावरून कळत नाही. सोफ्यातला फोम ४० चा असला तरी स्पंजच. त्याच्या पेशी उघड्या असतात, पण पेशी-पेशींमध्ये पातळ पापुद्रे असतात, त्यात पाणी अडकतं. दुसरा प्रकार बंद पेशींचा, चटई किंवा चपलेच्या तळव्यासारखा. तो पाणी पीत नाही, पण त्यावर तासभर बसवत नाही. तिसरा प्रकार खास होड्यांचा. त्यातले पापुद्रे कारखान्यातच काढून टाकलेले असतात, उरते ती नुसती जाळी. वरून तांब्या ओतला की खालून धार लागते, अगदी गाळणीसारखी. हा फोम महाग, सहज मिळत नाही, आणि त्याच्याखाली पाणी जायला वाट नसेल तर पैसे फुकट. मधला मार्ग म्हणून मी खाली बंद पेशींचा पातळ थर आणि वर मऊ फोम असं पुष्कळदा करतो. खिशाला परवडणारा उपाय आहे, उत्तम आहे असं म्हणणार नाही.

फोम कव्हरपेक्षा सगळ्या बाजूंनी थोडा मोठा कापायचा, साधारण सेंटिमीटरभर. त्यामुळे कव्हर ताणून बसतं आणि वर खळगा पडत नाही. खळगा म्हणजे डबकं, आणि डबकं म्हणजे पुन्हा तोच भाता.

रेग्झिनवर येणाऱ्या गुलाबी डागांची तक्रार पांढऱ्या गाद्यांची हौस असणाऱ्यांकडून हमखास येते. अलिबाग-मांडव्याकडच्या स्पीडबोटींना पांढरंच लागतं. काळी बुरशी पुसता येते, पण गुलाबी डाग साबणाने हलत नाही, कारण तो वरचा नसतोच. आत ओल्या फोमवर वाढणारे सूक्ष्मजीव रंग सोडतात. रेग्झिन मऊ राहावं म्हणून त्यात जी तेलकट रसायनं घातलेली असतात, त्यांतून तो रंग वरपर्यंत झिरपतो. घासून-घासून लोक ब्लीचपर्यंत पोचतात. त्याने वरचा संरक्षक थर जातो, दोरा कमजोर होतो, डाग तसाच. हीच मऊपणाची रसायनं उन्हाने हळूहळू निघून गेली की रेग्झिन कडक होतं आणि तडकतं. पर्यटकांच्या अंगावरचं सनस्क्रीन आणि डास पळवणारं मलमही रेग्झिनला बाधतं. डीट हे औषध असलेलं मलम तर काही प्लास्टिकं चक्क विरघळवतं.

छताचं गणित वेगळं. तिथे मुख्य शत्रू ऊन. कापडाचा रंग कसा दिलाय, यावर बरंच ठरतं. बडीशेपेच्या रंगीत गोळ्या आठवा. चोखली की रंग जिभेवर, आत पांढरी साखर. साधं रंगवलेलं कापड असं असतं. दुसरीकडे आमसूल, कितीही चावलं तरी आत तोच रंग. होड्यांसाठी जे ॲक्रिलिक कॅनव्हास येतं, त्याचा धागा काढण्याआधीच द्रावणात रंग मिसळलेला असतो, त्यामुळे तो उन्हाने सहजी उडत नाही. शिवाय हे कापड श्वास घेतं. ताडपत्री पाणी जास्त चांगलं अडवते, स्वस्त पडते, पण तिच्या पोटाला आतून घाम येतो.

हा घाम कोकणाला नवा नाही. पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या होड्या पूर्वी माडाच्या झापांनी शाकारायचे. झापातून पाणी खाली घरंगळत जायचं आणि वारा आतून फिरत राहायचा. आता निळं प्लास्टिक टाकून चारी बाजूंनी दोरीने आवळतात. ऑगस्टच्या शेवटी उघडलं की आत वाफारा, गाद्यांवर बुरशीची मखमल, चेनी जाम. मी मालकांना सांगतो, गाद्या काढून घरी न्या, माळ्यावर उभ्या ठेवा. ते जमत नसेल तर आच्छादनाला दोन्ही टोकांना हातभर तोंड ठेवा. थोडा पाऊस आत आला तरी चालेल.

छताला उतार देताना घराचं आढं डोळ्यांपुढे ठेवावं. एक चौरस मीटर कापडावर एक सेंटिमीटर पाणी साचलं की दहा लिटर, म्हणजे दहा किलो. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद झोळ पडली आणि त्यात सरासरी पाच सेंटिमीटर पाणी थांबलं, की पायपांवर १०० किलोचा माणूस झोपला म्हणून समजा. वजनाने झोळ वाढते, वाढलेल्या झोळीत आणखी पाणी येतं. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे "एवढंसं पाणी काय करतंय" हे वाक्य इथे चालत नाही. जोडही कौलांसारखा हवा, वरचा पदर खालच्यावर. उलटा दुमडला तर शिवणीतच पन्हळ तयार होते आणि ती नेमकी आत गळते.

वाऱ्याचंही तसंच. ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून आडव्या आलेल्या सपाट कापडावर चौरस मीटरला साधारण १७ किलोचा दाब देतो. तीन बाय दोन मीटरचं छत एका कडेने सुटून उभं राहिलं की जवळपास १०० किलो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. म्हणून छत किती मजबूत आहे यापेक्षा वादळ दिसल्यावर दोन माणसांना ते किती मिनिटांत उतरवता येतं, हे मी आधी विचारतो. एका गिऱ्हाइकाला छत कायमचं वेल्ड केलेलं हवं होतं. मी ते काम घेतलं नाही. दुसऱ्याने केलं असेल.

छतात कापडाआधी दोरा हरतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. कापड धड असतं आणि शिवण बोटाने ओढली तरी सुटते. सुती दोरा कुजतो, नायलॉनचा उन्हाने लवकर जीव टाकतो आणि भिजला की सैल होतो. उन्हाला टिकणारा जाड पॉलिएस्टर दोराच घ्यावा. पीटीएफईचा, म्हणजे नॉनस्टिक तव्याच्या लेपाच्या प्लास्टिकचा दोरा मिळतो, त्याला ऊन जवळजवळ काहीच करत नाही, पण किंमत ऐकून बहुतेक मालक हसतात.

धातूंबद्दल एवढंच सांगतो की 'स्टेनलेस' या शब्दावर विश्वास ठेवू नका. भांड्यांचं ३०४ या प्रतीचं स्टील खाऱ्या हवेत चहाच्या डागासारखं तांबूस पडतं. ३१६ या प्रतीत दोन-तीन टक्के मोलिब्डेनम हा धातू असतो, म्हणून ती जास्त तग धरते. चुंबक लावून पारख करणारे भेटतात, पण या दोहोंनाही चुंबक फारसं धरत नाही, तेव्हा त्या परीक्षेत दोघंही पास. ॲल्युमिनियमच्या पायपात पितळी बटण किंवा स्टीलचा स्क्रू बसवला की दोन धातू आणि मध्ये खारं पाणी अशी छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. पांढरी पूड दिसली की समजायचं. चेन नेहमी जाड प्लास्टिकच्या दात्यांची, आणि तिला महिन्यातून एकदा मेणबत्ती घासायची.

हे सगळं सामानाचं झालं. खरी हजामत होते ती माप घेताना.

रिक्षाची सीट कारखान्यातून येते, एक माप शंभर रिक्षांना चालतं. आपल्याकडची लाकडी होडी सुताराने डोळ्याने बांधलेली असते. तिची डावी बाजू उजवीसारखी असेलच असं नाही, एखादी फळी बोटभर पुढे असते, आणि एकही कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसत नाही. त्यात होडी पाण्यावर असली तर लेव्हलचा बुडबुडा जागेवर ठरत नाही आणि ओळंबा झुलत राहतो. टेपचे आकडे लिहून आणणं म्हणजे फसणं. म्हणून आम्ही जाड पारदर्शक प्लास्टिक प्रत्यक्ष जागेवर चिकटपट्टीने ताणून लावतो आणि त्यावर मार्करने कड आखतो. आधी ब्राउन पेपर वापरायचो. दमट हवेत तोही फुगतो, हे एका लांब बाकाची गादी जास्त भरल्यावर कळलं.

त्याहून मोठी फजिती बाजूंची. एका होडीच्या सगळ्या साच्यांवर मी "जेटीकडची बाजू" आणि "समुद्राकडची बाजू" असं लिहून आणलं. दुसऱ्या दिवशी गाद्या बसवायला गेलो, तर खलाशांनी होडी वळवून उलट्या तोंडाने बांधली होती. आम्ही साच्यावरचं वाचून गाद्या लावायला घेतल्या, एकही बसेना. सगळं काम आरशातल्यासारखं उलट झालंय अशा समजुतीने माझ्या पोटात गोळा आला. अर्ध्या तासाने एका खलाशानेच सांगितलं. तेव्हापासून साच्यावर नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, बाण काढतो, आणि डावं-उजवं लिहितो ते नाळेकडे तोंड करून उभं राहिल्यावरचं.

मशीनही वेगळं लागतं. घरच्या मशीनचे दाते फक्त खालचा थर ओढतात, वरचा मागे राहतो. पातळ कापडात फरक कळत नाही. रेग्झिन, दुहेरी पायपिंग, पुन्हा रेग्झिन असे चार थर दोन मीटर चालवले की शेवटाला वरचा थर बोटभर लांब उरतो. वॉकिंग फूटच्या मशीनचा वरचा पायही चालतो, म्हणून थर सोबत सरकतात. रेग्झिनचा पन्हा बहुतेक ५४ इंची असतो. बाक त्याहून लांब असला आणि कापड आडवं लावलं तर मध्ये जोड येणारच, आणि तो कुठे घ्यायचा ते ठरवावं लागतं. मी दोन माणसांच्या मध्ये घेतो, जिथे कुणाचं वजन नेमकं पडत नाही.

आणि वेळ. पर्यटक होड्या मे अखेरीस बंद होतात आणि पावसाळा सरल्यावर सुरू होतात. मधले तीन महिने दुकानात हात रिकामे, पण तेव्हा होड्या झाकलेल्या, माप घ्यायला जागाच नाही. मालकाला गादी आठवते ती गणपती गेल्यावर, आणि हवी असते दिवाळीच्या गर्दीआधी. म्हणून आता मी मे महिन्यातच धक्क्यांवर फिरून साचे काढून ठेवतो. दुकानाच्या मागच्या भिंतीला खिळ्यांवर त्या गुंडाळ्या टांगलेल्या आहेत, प्रत्येकीवर होडीचं नाव, वर्ष आणि नाळेचा बाण. तांडेलांच्या होडीचीही आहे. तिची नवीन गादी जाळीच्या तळाची केली, आणि रोज संध्याकाळी तिच्यावर दोन बालद्या गोडं पाणी ओतण्याचं काम त्यांनी नातवाला लावून दिलंय. त्यांच्या शेजारच्या होडीची गुंडाळी मात्र गेल्या पावसात उंदरांनी कुरतडली. तिचं माप पुन्हा घ्यायला मला ऑगस्टच्या शेवटी जायचंय, निळं प्लास्टिक निघालं की.